झाकलेला कुटा

आई विहिरीच्या तोंडाशी कोयता घेऊन उभी होती आणि विहिरीत माझे वडील पडले होते. भास्करकाकांचा एक पाय पायरीवर गेलाही होता. आईने मागून त्यांचा सदरा धरला आणि असा खेचला, की ते पाठीवर आपटले. "आत पाय घालील त्याचा पाय इथंच ठेवीन," ती म्हणाली. ओरडून नाही. आईला ओरडता येतच नसे. काका मातीतून उठत म्हणाले, "वयनी, तुमचा नवरा हाय आत!" आई म्हणाली, "मला म्हाईत हाय कोण हाय ते." मागून मधू आणि हरी धावत आले. तिघेही आमच्या आळीतले, तिघेही बाबांसाठी उडी टाकणारे. हरी तर सदरा काढत होता. आईने कोयता त्याच्याकडे वळवला. "दोघं उतरली, दोघंबी पडली. तुमी उतरून काय निराळा श्वास घेणार हाव?" मी उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन तिथेच उभी होते. भारा खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

ती सकाळ कळायची तर आधी आमचं घर आणि आमचा ऊस कळायला हवा. मी चौथीपर्यंत शिकले. गोष्ट कुठून सुरू करावी हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून जे आधी डोळ्यांपुढे आलं ते आधी लिहिलं. आमचं घर केळव्याच्या बाजूला, सातपाटीला बैलगाडी जायची त्या रस्त्यावर. पुढे पोफळी, मागे केळी, आणि केळींच्या मागे खाडीपर्यंत पसरलेली आळीच्या सगळ्या घरांची पडीक जमीन. तिथे गुरं चरत आणि मुलं खेकडे पकडत. घरात आई, बाबा, मी आणि यमुना आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली. बाबांची आई लवकर वारली होती, त्यामुळे बाबांना वाढवलं तिनेच. बाबा तिला ताय म्हणत आणि पिकल्या मिशीचे झाले तरी तिने हाक मारली की हातातलं काम टाकून उठत. आईला याचा राग यायचा का, ते मला सांगता येणार नाही. आई बोलतच नसे. आत्या म्हणायची, "आमच्या वयनीचं तोंड म्हणजे आमोशेचं दुकान, कधी उघडंच नाय."

त्या दिवसांत बोईसरला कारखाने उभे राहत होते आणि घिवलीच्या अंगाला वीज करायचं मोठं काम चाललं होतं. ज्याला सायकल चालवता येई तो पहाटे डबा बांधून तिकडे जाई. आळीत दुपारी म्हातारे, बायका आणि कुत्री उरत. भास्करकाकांनीही सायकल घेतली, तेव्हा आत्याने सगळ्या घरांना आमच्या अंगणात बोलावलं. मी चहा वाटत होते म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. "दुसऱ्याची भट्टी पेटवायला इतक्या लांब जाता," ती म्हणाली, "आपली पेटवा की. आपल्या वाडवडलांनी इथं ऊस केला, गूळ केला. तुमच्या हाताला काय लकवा मारला हाय?" मधू म्हणाला, "ऊस एकट्याच्या बापाला झेपत नाय, यमुनाबाय." आत्या म्हणाली, "म्हणून तर तुज्याबी बापाला बोलावलाय." मधूचे वडील नाना तिथेच बसले होते. एवढे हसले, की चहा सांडला.

असा आमचा ऊस सुरू झाला. मागच्या पडीक जमिनीत प्रत्येक घराने आपापली पट्टी दिली आणि मधले बांध मोडले. काम सावडीने, म्हणजे आज सगळे हात तुमच्या पट्टीत, उद्या सगळे माझ्या. कोणाच्या घरी माणूस आजारी पडलं तर त्याचं काम आपोआप वाटलं जाई, सांगावंही लागत नसे. पुढे तर कोणाची पट्टी कुठली तेच विसरायला झालं. सायकली हळूहळू अंगणात उभ्या राहिल्या. काकांच्या सायकलीवर कोंबडी रवणाला, अंडी उबवायला, बसायची.

आता माझी नातसून आमचा गूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून केळव्याला येणाऱ्या मुंबईकरांना विकते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत सेंद्रिय लिहिलेलं असतं. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. सुरुवातीला एका घराने पिशवीतलं पांढरं खत आणून आपल्या कडेला टाकलं होतं. ऊस दंडाएवढा झाला, सगळ्यांनी डोळे फाडून पाहिलं. पण त्याचा गूळ बसेचना. ढेप फोडली की आत चिखल. नाना आमचे गुळवे. गूळ कधी उतरवायचा ते तेच ठरवत. त्यांनी बोट घालून चाटलं आणि म्हणाले, "ह्याच्यानं भिंत सारवा." तेव्हापासून आमच्या उसाला फक्त कुटा.

कुटा म्हणजे सातपाटीच्या जाळ्यात येणारी बारीक, विकायला न जाणारी मासळी, डोकी, शेपट्या, खेकड्यांचे पाय. आमच्याकडे ते आणायची हिराबाई कोळीण, बैलगाडीत गोण्या घालून. आम्ही त्यातलं मीठ पाण्याने धुऊन काढायचो, नाहीतर ऊस करपतो आणि गूळ खारट होतो. मग खड्ड्यात एक थर कुटा, एक थर शेण, एक थर पाचट, म्हणजे उसाची सुकी पानं. असे थर लावून वर उघडं आभाळ. आत्या दर काही दिवसांनी फावडं घेऊन ते उलटंपालटं करायची. वासाचं विचारू नका. नवी सून घरात आली की पहिले काही दिवस जेवायची नाही. नंतर तिच्या अंगालाही तोच वास यायचा आणि ती जेवायला लागायची. हिराबाई गाडीवरूनच ओरडायची, "यमुनाबाय, तुजं अत्तर कुठं टाकू?" आत्या म्हणायची, "तुज्या नवऱ्याच्या उशाशी टाक." "त्याच्या उशाशी काय कमी हाय? तो म्हनतो, आता बायकोच्या अंगाला जरा गुलाचा वास येऊ दे." मग आत्या तिला नव्या गुळाची ढेप द्यायची. ढेप लहान वाटली की हिराबाई ती गाडीत न ठेवता डोक्यावर ठेवायची आणि आळीभर सांगत फिरायची, "बघा, यमुनाबायनं मला लाडू दिलाय." दुसरी ढेप मिळेपर्यंत फिरायची.

बाबा म्हणायचे, आपल्या घरी मासा तीनदा येतो. एकदा ओला, एकदा सुका, आणि एकदा गूळ होऊन. पाहुणा गूळ तोंडात घालताना नेमकं हे सांगायची त्यांना हौस होती. पाहुण्याचा हात थांबला की म्हणायचे, "खा, खा, काटे काढलेत." गुळाला कसला वास येतो? पिवळाधमक, कडक, तोंडात टाकला की खोबऱ्यासारखा फुटणारा गूळ.

गुऱ्हाळाचे दिवस लग्नघरासारखे असत. पहाटेपासून रस काढायचा चरक कुरकुरायचा. बैल गोल फिरायचे, त्यांच्यामागे बाबा फिरायचे आणि त्यांच्याशी बोलत राहायचे. आईशी दिवसभरात बोलत नसतील एवढं ते बैलांशी बोलत. चुलवणात चिपाडं तडतडायची. काहिलीतला रस आधी पाण्यासारखा खळखळतो, मग आवाज जाड होतो, मग भाताची पेज शिजावी तसा फुसफुसतो. नाना डोळे मिटून तो आवाज ऐकत. काहील चुलीवर असताना किती गूळ होईल असं विचारायचं नाही, हा आमचा नेम. विचारलं की गूळ घटतो. कोणी चुकून विचारलंच तर नाना म्हणत, "तुज्या आज्याला विचार," मग आजा जिवंत असो वा नसो. बायका उसाच्या रसात तांदूळ शिजवत. तांदळाच्या भाकरीवर गरम काकवी ओतून खायची आणि चुलवणाच्या निखाऱ्यावर बोंबील भाजायचे. गुळाने चिकट झालेल्या हातांनी खारट बोंबील खायचा. तसं जेवण मला पुढे कुठल्याही लग्नात मिळालं नाही.

आई आणि आत्याचं एका गोष्टीवरून नेहमी वाजायचं. आत्या बारा महिने एकच जाडंभरडं नऊवारी लुगडं नेसायची, काष्टा घट्ट मारून. आई ते धुवायला घ्यायची तेव्हा तिचे हात दुखायचे. "वन्सं, हे लुगडं हाय का शीड? होडीला लावलं तर गुजरातला जाल." एवढं एकच बोलणं आई मोकळेपणाने बोलायची. आत्या म्हणायची, "फाटत नाय ना? मग गप घाल दगडावर."

उसाला पाणी मात्र पुरत नव्हतं. विजेचे खांब सडकेपर्यंत आले होते. तिथून तारा मागे आमच्या उसापर्यंत आल्या असत्या तर पंप बसला असता. त्यासाठी तालुक्याहून एक साहेब येऊन बघणार होते, की हे खरंच इतक्या घरांचं मिळून काम आहे का. झालं, आळीला ताप भरला. अंगणं सारवली, बैलांची शिंगं रंगवली. आणि मग कुट्याचा खड्डा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. तो होता नेमका वाटेवर. हरी म्हणाला, "साहेब आधी नाक धरील, कागद मंग." बायकाही म्हणाल्या, बरं नाही दिसत. आमचाच वास आमची लाज काढायला लागला. आत्या नेहमी म्हणायची, कुटा उघडाच बरा, त्याला वारा पाहिजे. पण तिला पंप हवा होता. उसाच्या टोकाला एक आटलेली जुनी विहीर होती. तिच्यात सगळा ओला कुटा लोटला, वर भिजलेलं पाचट टाकलं, तोंडावर पत्रे ठेवले आणि पत्र्यांवर दगड. ठरवलं आत्याने, पण लोटायला सगळ्यांचे हात होते. सावडीचंच काम ते.

साहेब आज येतो, उद्या येतो करत बरेच दिवस आले नाहीत. ऊन तापत होतं, कुटा झाकलेलाच होता. शेवटी आले, आणि माणूस चांगला निघाला. पंगतीत मांडी घालून बसला, रसातला भात मागून घेतला. मध्येच नाक जरा वर करून म्हणाला, "इथे जवळपास मासळी सुकवतात का?" बाबा लगेच म्हणाले, "वारा सातपाटीचा हाय, साहेब." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मधूला हसू आवरेना म्हणून तो पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेला. जाताना साहेब म्हणाले, तुमचं काम होईल. त्या संध्याकाळी आत्याने सगळ्या आळीला घावने आणि काकवी खाऊ घातली. बाबा तिला म्हणाले, "ताय, आता पंपाला हळदकुंकू लावशील का मला?" आत्या म्हणाली, "तुला चपलेनं लावीन."

दुसऱ्या सकाळी नव्या लावणीला कुटा हवा होता. एकीकडे चरक चालू, काहील चुलीवर. आत्या फावडं घेऊन विहिरीवर गेली, सोबत पाट्या वर खेचायला भास्करकाका. दोघांनी पत्रे काढले. आत उतरायला अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या, तिथे एक कट्टा, आणि त्याखाली माणूसभर खोल कुटा साठलेला भाग. आत्या पदर खोचून सरळ खाली उतरली. मी बैलांसाठी वाढे घेऊन चालले होते, तेव्हा तिचा आवाज ऐकला. "पाटी सोड रे, भास्कर." मग फावड्याचा आवाज आला, वरची वाळलेली साय फोडल्याचा. काकांनी पाटी सोडली. पाटी खाली आपटली. काका दोरी धरून उभे. "भरलीस काय, यमुनाबाय?" उत्तर नाही. त्यांनी वाकून पाहिलं आणि बाबांच्या नावाने बोंब मारली.

बाबा चरकावरून धावत आले ते थांबलेच नाहीत. मी काठावर होते, मी पाहिलं. त्यांनी आत्याला काखेत हात घालून उचललं, छातीशी धरलं आणि जोर करून कट्ट्यावर ढकललं. आत्याचं डोकं कट्ट्यावर टेकलं. बाबांनी वर पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग फार दमल्यासारखे खाली बसले. आणि भिंतीला टेकून तसेच कलले. तेव्हा आई ऊस तोडत होती तिथून आली, हातात कोयता तसाच.

यापुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. काका, मधू, हरी तिला शिव्या देत होते, रडत होते. एकजण म्हणाला, "तो उतरला म्हणून तर यमुनाबाय वर आली!" हे खरंच होतं. आईने कोयत्याने कट्ट्याकडे दाखवलं. म्हणाली, "वन्संना वरून ओढा. नारळाची आकडी आणा." लांब बांबूला लोखंडी आकडा असतो, झावळ्या ओढायचा. हरीने तो आणला, काठावर पालथा झोपला आणि आकडा आत्याच्या काष्ट्यात अडकवला. तिघांनी मिळून ओढली. आत्याचं सगळं वजन त्या लुगड्यावर होतं आणि ते फाटलं नाही. आत्या काठावर आली, निळी पडलेली. बायकांनी तिला उताणी केली, पाणी मारलं, छाती चोळली. तिने एकदा ओकारी काढली आणि श्वास घेतला.

आई तिकडे बघायलाही वळली नाही. ती विहिरीकडेच तोंड करून होती. माझ्या डोक्यावरचा भारा तिने तेव्हा पाहिला. "तो दे," म्हणाली. वाढ्यांचा भारा दोरीला बांधून तिने मधूला विहिरीत खाली-वर, खाली-वर करायला लावला, घुसळल्यासारखा, म्हणजे झाकलेल्या कुट्याची आत कोंडलेली विषारी हवा हलेल. बाकीचे घागरींनी पाणी ओतत होते. मग तिने गुऱ्हाळातला कंदील मागवला, पेटवून दोरीने खाली सोडला. कट्ट्याच्या खाली गेला आणि विझला. पुन्हा भारा, पुन्हा पाणी. पुन्हा कंदील, पुन्हा विझला. काका गुडघ्यांवर बसून आईला हात जोडत होते. "वयनी, सोडा आता. पाया पडतो." आई म्हणाली, "कंदील पेटलेला राहू दे. मंग सोडते." तिच्या पायाशी तिचा नवरा होता. हे मी तेव्हाही पाहत होते आणि आजही पाहते. मला अजून कळत नाही, की एवढं उभं राहायला माणसात काय लागतं. माझ्यात ते नाही, हे मला माहीत आहे.

नंतर एकदा कंदील खाली गेला आणि तसाच जळत राहिला. आईने कोयता बाजूला ठेवला. "आता," ती म्हणाली. काकांच्या काखेखालून दोरी बांधली, तोंडाला ओला पंचा, आणि त्यांना खाली सोडलं. त्यांनी बाबांना दोरीला बांधलं. बाबा वर आले, पण त्यांच्यात काही राहिलं नव्हतं. तोवर चुलवणाकडून करपलेला वास आला. नाना काहील सोडून विहिरीवर आले होते, ती अख्खी जळाली. मी सगळं खाते, करपलेला गूळ तेवढा खात नाही.

लोक बोलायचे ते बोलले. नवरा आत मरत होता आणि ही कोयता घेऊन उभी, असं. बाबांच्या दिवसांच्या जेवणाला लांबून आलेल्या एका बाईने हे आत्याच्या समोर म्हटलं. आत्याचा आवाज त्या दिवसापासून घोगरा झाला होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. ती त्याच आवाजात म्हणाली, "कोयता नसता तर आज आणखी तीन घरांत पंगती बसल्या असत्या. तुला किती ठिकाणी जेवायचं होतं?" त्या बाईने पान अर्धं टाकलं.

पुढे तारा आल्या, पंप बसला. आत्याने त्याला हळदकुंकू लावलं नाही. तिने आणि आईने मिळून तो ऊस आणखी बरीच वर्षं चालवला. ती विहीर सगळ्यांनी सावडीने मातीने भरली आणि कुट्याचा खड्डा पुन्हा वाटेवर आला, उघडा. अजून तिथेच आहे. मुंबईकर गाडीच्या काचा वर करून जातात आणि परतताना गूळ घेतात. आई आत्याचं लुगडं धुवायची, पण शीड म्हणून पुन्हा कधी बोलली नाही. ते जीर्ण झालं तेव्हा आत्या टाकायला निघाली होती. आईने ते घेतलं, घडी केली आणि आपल्या पेटीत ठेवलं. अजून आमच्या घरी आहे.

भास्करकाका नातवंडांची लग्नं करून गेले. मधू वडिलांमागे गुळव्या झाला आणि आता नाही. हरी आहे, ऐकायला येत नाही, पण गुऱ्हाळावर येऊन बसतो. आत्या म्हातारी होऊन गेली, तिच्यामागून आई. मी अजून आहे. त्या सकाळी विहिरीवर होतो त्यांतले बाबा सोडून सगळे जगले.